प्रेषितांचा बायोडाटा

कोल्हापुरात माणूस मेला तरी आधी "मयत कुठल्या गावचं?" असं विचारतात. जिवंतांची तर सुटकाच नाही. रिक्षात बसा, दवाखान्यात नंबर लावा, भाजीवालीपुढं उकिडवं बसा, तिसऱ्या वाक्याला "पावणं, गाव कुठलं?" येणारच. "कोल्हापूर" म्हटलं तर आपण त्याला फसवतोय असा भाव समोरच्याच्या तोंडावर येतो. "ते हाय हो. पर मूळ गाव?" मग तुम्ही मूळ गाव सांगता, तो डोळे बारीक करून त्या गावात दिलेली आपली आतेबहीण आठवतो, आणि ती आठवली की त्याचा जीव भांड्यात पडतो. तुम्ही काय करता, कसे आहात, हे विचारायचं मग राहूनच जातं.

या प्रश्नावर माझी चूल पेटते, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. मंगळवार पेठेत माझं छोटं दुकान आहे. एक संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि काचेवर पाटी: लग्नाचे बायोडाटे सुबक करून मिळतील. बावीस वर्षं मी हेच करते आहे. मराठा, जैन, लिंगायत, सगळ्यांची पोरं माझ्या संगणकातून बोहल्यावर गेली. वरचा देव तेवढा बदलतो, खालचा मजकूर तोच. नाव, जन्मतारीख, उंची. रंग गोरा किंवा गव्हाळ. काळा माणूस माझ्या संगणकात आजवर शिरलेला नाही. मग शिक्षण, नोकरी, मूळ गाव, मामाचं गाव, आणि सगळ्यांत वजनदार रकाना, पाव्हणे. त्यात नातेवाइकांची आडनावं आणि प्रत्येकापुढं त्याचं गाव लिहायचं असतं. ज्या मुलाची नोकरी अर्ध्या ओळीत संपते त्याचे पाव्हणे अर्धं पान खातात. एकदा एका मुलाच्या बापानं पाव्हण्यांत एका आमदाराचं गाव घातलं. "तुमचं नातं काय?" मी विचारलं. "नातं न्हाय, पर त्यांचं आमचं गाव एकच हाय की," तो म्हणाला. मी छापलं. गिऱ्हाईक देवासमान असतं, आणि देवाला प्रश्न विचारायचे नसतात.

मी लोकांना एकच सल्ला फुकट देत आले. मूळ गावाचा रकाना रिकामा सोडू नका. रिकामा दिसला की लोक मनानं भरतात, आणि मनानं भरताना कुणी कुणाचं चांगलं लिहीत नाही.

आता माझं सांगते. आम्ही ख्रिस्ती. हे कळल्यावर नवं गिऱ्हाईक आधी गोवा म्हणतं, मग वसई, मग केरळ. तिन्ही नाही म्हटल्यावर जरा नाराज होतं. "मग मूळचं कुठलं?" माझ्या वडिलांचे वडील याच पेठेत गवंडीकाम करायचे, हे सांगून काही उपयोग होत नाही. दहा वर्षं दुकानात येणाऱ्या एका गृहस्थांनी एक दिवस कौतुकानं म्हटलं, "बाई, तुमचं मराठी लई चांगलं हाय की." मी आभार मानले आणि म्हटलं, तुमचंही बरंच सुधारलंय.

पण बाहेरच्यांचं काही वाटत नाही. ते अज्ञानानं विचारतात, आमचे लोक माहिती असून विचारतात. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उपासना चालू असते तोवर आम्ही सगळे भाऊ आणि बहीण. उच्च नाही, नीच नाही, सगळे एका देहाचे अवयव. आशीर्वाद झाला, पायऱ्या उतरलो आणि हातात चहाचा कप आला की अवयव एकमेकांना विचारायला लागतात, "मूळचे कुठले तुम्ही?" उत्तरानं भागलं नाही तर आवाज खाली येतो. "तसं न्हवं. आधीचे कोण?" आधीचे म्हणजे चार पिढ्यांपूर्वी, प्रभूकडं येण्याआधीचे. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं पापं धुऊन जातात अशी आमची श्रद्धा आहे. पण गावकुसाच्या आतलं घर की बाहेरचं, हे मात्र त्या पाण्यानं धुतलं जात नाही. तो डाग पक्का असतो.

या प्रश्नाला आमच्या घरात एक ठरलेलं उत्तर होतं. शिरोळ. माझ्या सासऱ्यांनी दिलं, नवऱ्यानं दिलं, लग्न झाल्यावर मीही द्यायला लागले. खरी गोष्ट अशी की नवऱ्याच्या आजोबांचं गाव कुणालाच ठाऊक नाही. मोठ्या दुष्काळात मिशनची बैलगाडी नदीकाठच्या गावांतून अनाथ पोरं गोळा करत आली, आणि शिरोळच्या पुढं कुठंतरी रस्त्यावर तिला हे पोरगं सापडलं. तीनचार वर्षांचं. गाव विचारलं तर रडायचं. आईबाप विचारले तरी रडायचं. बोर्डिंगमध्ये त्या गाडीतून आलेल्या पोरांना मिशनच्या साहेबानं प्रेषितांची, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांची, नावं दिली, यादीच्या क्रमानं. आजोबा गाडीत मागं बसले होते, त्यामुळं त्यांची पाळी येईपर्यंत चांगली नावं संपली होती. उरलेल्यांतलं एक मिळालं. कुठलं ते सांगत नाही, कारण नावं सांगायची नाहीत असं ठरवूनच लिहायला बसले आहे. पण आणखी एक पोर आलं असतं तर साहेबाला त्याचं नाव यहूदा ठेवावं लागलं असतं, असं माझे सासरे हसत सांगायचे. बाकी गोष्ट ते फक्त घरात सांगायचे. बाहेर शिरोळ.

गेल्या पावसाळ्यानंतर दोन गोष्टी एकाच वेळी माझ्या गळ्यात पडल्या. एक म्हणजे आमच्या मुलीचं लग्न. ती फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवते आणि संध्याकाळी येऊन माझी मान दुखत असली तरी लक्ष देत नाही. युवक शिबिरात तिची एका मुलाशी ओळख झाली. कबनूरचा. घरचे यंत्रमाग, मुलगा शिकलेला, उपासनेला येणारा, आणि मुख्य म्हणजे तो फोनवर बोलत असला की आमची मुलगी हसते. तिला घरात हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. तेव्हा हे जमावं असं मला मनापासून वाटत होतं. रात्रंदिवस दुसरं काही डोक्यात नव्हतं.

त्यांच्या घरून बायोडाटा मागितला. मी पाऊण तासात केला. आयुष्यात केलेला सगळ्यांत चांगला. मूळ गाव: शिरोळ.

"आई, हे कशाला?" मुलगी म्हणाली.

"पद्धत हाय."

"खोटं हाय."

"अगं, सापडलं तिकडंच की. तिथनं चार मैल इकडं का तिकडं, एवढ्यानं खोटं हुतंय काय?"

नवऱ्याकडं बघितलं तर तो पेपर वाचत होता. माझा नवरा भांडणाच्या वेळी इतकं मन लावून पेपर वाचतो की अर्थसंकल्प त्याला पाठ असायला हवा होता.

दुसरी गोष्ट संडे स्कूलची. तिथं मी पंधरा वर्षं शिकवते. वार्षिक कार्यक्रमासाठी कमिटीनं विषय काढला: बारा प्रेषित आणि त्यांची गावं. बघा, विषय तरी काय सुचावा! त्यांनी काय केलं हे नाही, काय सोसलं हे नाही; गावं. आणि तक्ता करायचं काम माझ्याकडं, कारण प्रिंटर माझा.

बायबलातली शुभवर्तमानं घेऊन बसले. पेत्र आणि अंद्रिया, सख्खे भाऊ, धंदा मासेमारी, गाव बेथसैदा. फिलिप्पही तिथलाच. एका गावचे तिघं निघाले तेव्हा मला बरं वाटलं. म्हणजे तिथंही गाववाल्याचा वशिला चालत होता तर. पण पेत्राचं घर बघावं तर कफर्णहूमात, आणि घरात सासू. मूळ गाव एक, राहायला दुसरीकडं, आणि सासू आजारी. हा माणूस मला थेट आमच्या पेठेतला वाटायला लागला. बरं, ते बेथसैदा नेमकं कुठं होतं यावर खणून बघणाऱ्या पंडितांचं अजून एकमत नाही. दोन जागा आहेत म्हणे, आणि दोन्हीकडचे आपलीच खरी म्हणतात. आमच्याकडं असतं तर दोन्हीकडं जत्रा भरली असती.

नथनेल कान्याचा. तोच बर्थलमय असं बहुतेक जण धरतात, मीही धरलं. येशू नासरेथचा आहे असं कळल्यावर या गृहस्थानं पहिली शंका काय काढली, तर असल्या गावातून कधी काही चांगलं निघतं का. काना आणि नासरेथ यांच्यात आपल्या कोल्हापूर-इचलकरंजीएवढंही अंतर नाही. शेजारच्या गावाला नाकं मुरडायची रीत शास्त्राइतकी जुनी आहे, हे वाचून माझा संसारावरचा राग थोडा कमी झाला. पेत्राला तर यरुशलेमेत त्याच्या बोलण्यावरूनच ओळखलं. हा गालील प्रांतातला, याची बोलीच सांगते. आमची पोरं पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या दिवशी तोंड उघडतात तेव्हा हेच होतं.

इथवर ठीक चाललं होतं. पुढं सगळा अंधार. याकोब आणि योहान यांची होडी, जाळी, बाप, बापाचे नोकर, मुलांना वरची जागा मिळावी म्हणून शब्द टाकणारी आई, सगळं दिलंय, गाव नाही. मत्तय कफर्णहूमच्या जकात नाक्यावर बसलेला सापडतो, पण नाक्यावरचा माणूस त्याच गावचा असतो असं कोण म्हणेल? थोमा जुळा होता. तो पार केरळपर्यंत आला असं मानतात. म्हणजे कुठं पोचला ते माहीत, निघाला कुठून ते नाही. दुसरा याकोब, तद्दय आणि शिमोन यांची तर नावंच कशीबशी पोचली आहेत. आणि शेवटी येशूला पैशांसाठी धरून देणारा यहूदा इस्कर्योत. इस्कर्योत म्हणजे करियोथ गावचा, असं बरेच जाणकार सांगतात.

पाच जणांची गावं लागली, सात रकाने रिकामे राहिले. कमिटीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "रिकामं बरं दिसत न्हाय, बाई. गालील टाका की समद्यास्नी. कोण तपासाय जातंय?"

मी ताडकन म्हटलं, "शास्त्रात नाही ते मी छापणार नाही." आवाजात असा काही करारीपणा होता की ते गप्पच बसले. त्याच संगणकात, त्याच आठवड्यात मी मुलीच्या मूळ गावापुढं शिरोळ लिहिलं होतं, हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

तक्ता मी घाईत केला. नवीन आखणी कोण करत बसणार म्हणून एका जुन्या बायोडाट्याची फाइल उघडली, नाव बदललं, रकाने वाढवले आणि मोठ्या कागदावर छापून शनिवारी देवळाच्या हॉलमध्ये लावून आले. बावीस वर्षं हात तसाच वळलेला. खाली काय राहिलं ते बघायचं राहून गेलं.

मुलाकडचे रविवारी उपासनेलाच येतो म्हणाले. आमच्यात ही सोय असते. देवाचंही होतं आणि मुलगीही बघून होते. मुलगा, त्याची आई आणि काका असे तिघं आले. मुलाचे वडील नाहीत, त्यामुळं घरात शब्द काकांचा. काका धिप्पाड, मोकळे, देवळातही यंत्रमाग चालू असल्यासारखे ओरडून बोलणारे. गाणी त्यांनी सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हटली. मला माणूस आवडला. उपासना संपल्यावर चहाला हॉलमध्ये गेलो, आणि काका तक्त्यापुढं उभे राहिले.

"अगं बया," ते म्हणाले आणि मोठ्यानं वाचायला लागले. "बारा प्रेषित. धंदा, मासेमारी. रंग, गव्हाळ!"

हॉलमधली माणसं वळली. मी कप खाली ठेवला.

"अपेक्षा," काका वाचत होते, "मुलगी सुशिक्षित, घरकामाची आवड असणारी, एकत्र कुटुंबात रमणारी. संपर्क, मुलाचे मामा!"

हॉल खदखदून हसला. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, भिंतीकडं तोंड करून हसले, तेवढा मान त्यांनी माझा राखला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मुलगा हसताना आमच्या मुलीकडं बघत होता, तीही हसत होती, आणि मुलाची आई डोळे पुसत मला म्हणाली, "असू द्या हो. आज लई दिसांनी हसलो बघा." मला वाटलं, झालं. जमलं. माझी फजिती झाली तर झाली, सोयरीक जमली.

"आणि ह्ये सात जण मोकळंच की," काका म्हणाले. "ह्यास्नी गाव न्हाय व्हय?"

"शास्त्रात दिलेलं न्हाय."

"अवो पर असंल की कुठलंतरी. बिनगावाचा माणूस असतोय काय?" आणि तसेच माझ्याकडं वळून, "तुमचं शिरोळ न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं.

"कुठल्या अंगाला?"

मला तयारी करावी लागली नाही. शिरोळचे इतके बायोडाटे माझ्या हातून गेलेत की तिथल्या गल्ल्या मला स्वतःच्या तळहातासारख्या माहीत आहेत. "नदीच्या अंगाला. घर पुरात गेलं," मी सांगितलं. त्या भागातली खोटी घरं नेहमी पुरातच जातात. पुराला कुणी साक्षीला बोलावत नाही.

"आणि भावकी?"

"पांगली. कोण मिरजेला, कोण सांगलीला." माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. शेजारी नवऱ्याचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. मी त्यात एक चुलतसासराही घातला आणि त्याला दम्यानं मारलंही.

काकांनी मांडीवर थाप मारली. "मग झ्याक झालं! माझ्या मामीचं म्हायार शिरोळच. जुनी माणसं हाईत अजून. येत्या रविवारी गाडी काढतो, समदी मिळून जाऊया. घर न्हाय तर न्हाय, जागा तर असंल. तिथंच नारळ फोडूया आणि सुपारी करूया. काय म्हणतासा?"

मी "व्हय की" म्हणायला तोंड उघडलं होतं. खरं सांगते, म्हटलंही असतं. रविवारपर्यंत मी कुणाची तरी जागासुद्धा शोधली असती.

"काका, नको," आमची मुलगी म्हणाली. "तिथं आमचं काय न्हाय. पप्पांच्या आजोबास्नी दुष्काळात त्या बाजूनं मिशनच्या गाडीतनं आणलं. रस्त्यावर सापडलेलं लहान पोरगं हुतं. गाव कुणालाच ठाऊक न्हाय. आईनं खोटं सांगितलंय."

हॉलमध्ये चहा ओतणाऱ्या बाईनं ओतायचं थांबवलं. काका रागावले नाहीत. रागावले असते तर मी त्यांना पुरून उरले असते. ते आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाले, "मग आधीचे कोण, बाळ?"

"ते बी ठाऊक न्हाय."

मुलगा जमिनीकडं बघत होता. मुलाच्या आईनं पदर सारखा केला. नवरा असा उभा होता की हॉलमध्ये एखादं वर्तमानपत्र असतं तर त्यानं ते खाल्लं असतं. आणि माझं डोकं फिरलं. ज्या गोष्टीची मला आत्ता आत्तापर्यंत लाज वाटत होती, तिच्या बाजूनं मी भांडायला उभी राहिले.

"तो तक्ता बघा," मी म्हटलं. "बारातल्या सातांचं गाव माहीत न्हाय, तरी त्यांच्या नावानं देवळं उभी हाईत. आणि ज्याच्या नावालाच गाव चिकटलंय तो शेवटचा. त्यानं काय केलं ते तुम्हाला ठाऊक हाय. गाव असून काय उजेड पडला?"

क्षणभर मला वाटलं, जिंकले. पंधरा वर्षांच्या शिकवणीत इतका चांगला मुद्दा मला सुचला नव्हता.

काकांनी तक्त्याकडं बघितलं, शांतपणे चहा संपवला. "बाई, तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले. "पर आमास्नी काय प्रेषितांच्या घरात सोयरीक करायची न्हाय."

हॉल पुन्हा हसला. पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

चार दिवसांनी मुलाच्या आईचा फोन आला. मुलगा म्हणतोय, वर्षभर थांबूया. मुली बघून परत गेलेल्या लोकांचे शब्द माझ्या दुकानात रोज ऐकू येतात. पत्रिका जुळत नाही, घरात अडचण आहे, आजी आजारी आहे. वर्षभर थांबूया हा त्यातला सगळ्यांत सभ्य नकार. त्या बिचाऱ्या फोनवर दोनदा "पोरगी लई गुणाची हाय" म्हणाल्या. मी दोन्ही वेळा "हो" म्हटलं. मुलानं स्वतः फोन केला नाही, एक मेसेजसुद्धा नाही. शिकलेला होता ना.

मुलगी कामावर जात होती, येत होती, खोलीचं दार लावून घेत होती. तिला जवळ घ्यावं हे मला सुचायला हवं होतं. मला सुचलं भांडण. शुक्रवारी ती संध्याकाळी घरी आली, पर्स खाली ठेवायच्या आतच मी सुरू झाले. एका वाक्यात सगळं मोडलंस. तुला कुणी विचारलं होतं? खरं बोलायची एवढी हौस होती तर लग्नानंतर बोलायचं. चारचौघांत आईला खोटी पाडलीस. तुझ्या बापाच्या आज्ज्यापायी आता तू घरात बसून राहणार काय? माझ्या जिभेला हाड नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी मी स्वतःचाही विक्रम मोडला. पेपरामागून नवरा एकदाच म्हणाला, "बास की आता." मी थांबले नाही.

ती उभ्या उभ्या सगळं ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "आई, तो चार वर्षांचा हुता. गाडीवाल्यानं त्याला गाव विचारलं, साहेबानं गाव विचारलं, बोर्डिंगात सगळ्यांनी गाव विचारलं. त्याला सांगता आलं न्हाय, म्हणून आपण अजून त्याची लाज धरलीय. दुष्काळातनं आलेलं लेकरू. तू जेवलास काय, असं त्याला कुणीतरी विचारलं असंल काय गं?"

 

मी तिच्याकडं बघितलं. रविवारपासून चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं, ड्रेस खांद्यावर सैल झालेला. सकाळी डबा नेत होती आणि तो तसाच परत येत होता. मी तो रोज घासत होते आणि रोज तिला दुसरंच काहीतरी सुनावत होते.

"जेवलीस काय?" मी विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली, आणि मग कुठं ती रडायला लागली.